चार रिबिटांचा कंप्युटर

संयोगिताच्या कंप्युटरचे सगळे भाग जमले, फक्त ते ठेवायला डबा नव्हता.

बाकी सगळं जमवताना तिनं कमी पायपीट केली नव्हती. मदरबोर्ड राजारामपुरीतल्या दुकानात घासाघीस करून घेतला. रॅमचा भाव सांगताना दुकानदारानं आवाज इतका खाली आणला, की घरात कुणी गेलंय का काय असं तिला वाटलं. ग्राफिक कार्ड इचलकरंजीच्या एका पोराकडनं जुनं मिळालं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोनं एकच अट घातली होती, घरात एक तर मी, न्हाय तर ते कार्ड. पोरगं कार्ड हातात देऊन दोनदा माघारी आलं, "ताई, उन्हात ठेवू नका हां त्याला" एवढं सांगायला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आण्णांच्या फ्लेक्सच्या दुकानात सहा वर्षं दुसऱ्यांची तोंडं कापून चिकटवल्यावर संयोगितानं नोकरी सोडली होती. घरात बसून स्वतःची डिझाईनं करायची, आणि काम नसेल तेव्हा निवांत गेम खेळायचा, असा तिचा बेत होता. आण्णा रागावले नाहीत. पान लावता लावता एवढंच म्हणाले, "जा की. पंधरा दिवसांत परत येतीस. खुर्ची पुसून ठेवतो."

त्या पंधरातले अकरा दिवस गेले होते आणि हातात काम एकच होतं. काम विजयसिंहांचं. विजयसिंह म्हणजे गल्लीतल्या तालमीचे अध्यक्ष, वय एकोणतीस, गेली नऊ वर्षं भावी नगरसेवक. सोमवारी त्यांचा वाढदिवस. चौकात चाळीस बाय वीसचा फ्लेक्स लागणार होता, मधोमध विजयसिंह आणि भोवती एकशे सदतीस शुभेच्छुक. संयोगिताचा जुना लॅपटॉप सोळा तोंडांच्या पुढं गेला की मान टाकायचा. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत फाईल शिरोलीच्या छपाईवाल्याकडं पोचली तर काम तिचं. न्हाय पोचली तर विजयसिंह आण्णांकडं जाणार, आणि त्यांच्या मागोमाग तीही.

"कॅबिनेट तेवढं राह्यलंय," शुक्रवारी चहा पिताना ती बोलून गेली.

"कसलं कॅबिनेट?" तिच्या वडलांनी, तात्यासोंनी विचारलं.

"ज्यात हे सगळं बसवायचं. तीन हजाराला मिळतंय."

"कशाचं असतंय?"

"पत्र्याचं."

तात्यांनी कप बशीत ठेवला. तीस वर्षं उद्यमनगरात त्यांचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. मळणी मशीन, कडबाकुट्टी, उसाच्या रसाचे गाडे, एकदा तर कळंब्याच्या एका माणसासाठी पत्र्याचा अख्खा हत्ती त्यांनी वाकवून दिला होता.

"माझी पोरगी पत्र्याचा डबा बाजारातनं इकत आणणार? उद्यमनगरात लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"तात्या, त्याला माप असतंय. एक मिलिमीटर इकडंतिकडं चालत न्हाय."

"आणि मी काय वितीनं मापतो व्हय गं?"

ते मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून शेडवर घेऊन गेले. व्हर्नियर लावून एकेक भोक मोजलं, मापं खडूनं शटरवर लिहिली. त्यांचा कारागीर आकाराम "मालक, ह्येच्यातनं काय निघतंय, पेंड का भुस्सा?" असं विचारत होता, त्याला गप्प केलं. आणि शनिवारी सकाळी 'छोटा हत्ती' टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

कॅबिनेट उतरवायला चार माणसं लागली. कमरेइतकं उंच, दहा गेजचा पत्रा, आतनं अँगलची चौकट, खाली चाकं, रंग ऑईल इंजिनाचा हिरवा. एका बाजूला अख्खं दार, बिजागरीशिवाय नुसतं खाचेत बसणारं. मागं सॉकेटं वगैरे काही उघडं ठेवलंच नव्हतं, कारण तिथनं धूळ जाते. खालच्या कोपऱ्यात पाईपाचं एक तोंड होतं, सगळ्या वायरी त्यातनं बाहेर. हवेसाठी जाळी होती, पण तिची भोकं इतकी बारीक की मुंगीला अंग चोरून जावं लागलं असतं. पुढच्या बाजूला मोटरीच्या स्टार्टरची दोन बटणं. हिरवं दाबलं की कंप्युटर चालू. लाल दाबलं की लाईनच तुटणार.

"लाल कशाला?" संयोगितानं विचारलं.

"हात अडकला तर?"

"कशात अडकंल, तात्या?"

"मशीन हाय. सांगता येतंय व्हय?"

वर पितळी पट्टी ठोकली होती. तिच्यावर कोरलं होतं, 'संयोगिता ग्राफिक्स, वजन ४२ किलो'. ती पट्टी बघून तिनं लाल बटणाचा विषय सोडला.

शेजारच्या अंबूबाई तोपर्यंत पदर खोचून आल्याच होत्या. त्यांनी कॅबिनेटला एक फेरी मारली.

"गिरण घेतलीस व्हय गं? बरं केलंस बाई. ती कोपऱ्यावरची लई जाडं दळती."

"मावशी, गिरण न्हाय. कंप्युटर हाय ह्यो."

"व्हय, व्हय. आता सगळं कंप्युटरवरच असतंय. गव्हाला किती घेणार किलोला?"

"मावशी, खरंच न्हाय हो."

"आधी माझं घे. पहिला मान शेजाऱ्याचा," असं म्हणून त्या गेल्या आणि गव्हाचा डबा आणून उंबऱ्याशी ठेवून गेल्या. दुपारपर्यंत त्या डब्याच्या मागं आणखी दोन डबे आणि एक ज्वारीची पिशवी लागली होती.

जोडणी मात्र झक्क झाली. तात्यांच्या मापात केसभर चूक नव्हती. बोर्ड असा बसला, जसा काही त्या पत्र्यातच जन्मला होता. फक्त प्रोसेसरवर तो गार ठेवणारी पेस्ट लावताना बापलेकीचं वाजलं. तिनं वाटाण्याएवढी लावली.

"एवढंसंच? हळदीकुंकवाला बी ह्येच्यापेक्षा जास्त लावत्यात. थांब, माझ्याकडं ग्रीसचा डबा हाय, पाच किलोचा."

"तात्या, लांब सरका."

"कोरडं फिरलं तर जाम हुतंय, मी सांगून ठेवतो."

"त्यात काय फिरत न्हाय!"

"मग ते गरम कशानं हुतंय?"

ह्याला उत्तर देत बसली असती तर विजयसिंहांचा पुढचा वाढदिवस आला असता. तिनं हिरवं बटण दाबलं. कंप्युटर चालू झाला. सोळा तोंडं टाकली, बत्तीस टाकली, शंभर टाकली, गडी डगमगेना. संयोगिताच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं.

"आणि ते गेम का काय म्हणत हुतीस?" तात्यांनी विचारलं.

तिनं ट्रकचा गेम लावून दिला. तात्यांनी आधी खुर्चीत मांडी घातली, मग चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि माउसला हात जोडून गाडी काढली. दहा मिनिटांत ते एका परदेशी टँकरवाल्याच्या आईबापाचा उद्धार करत होते. हात खिडकीतनं बाहेर काढून वळणाचा इशारा देत होते. अरुणाकाकू, म्हणजे संयोगिताची आई, जेवायला हाक मारून दमली. "आलो," तात्या म्हणाले. "एवढा माल टाकतो आणि आलो."

रविवारी दुपारी तीनला फ्लेक्स तयार होता. संयोगितानं स्क्रीनचा फोटो मोबाईलवर काढला आणि मंजुरीसाठी तालमीत गेली. तिथं तासभर गेला. विजयसिंहांचा स्वतःचा फोटो एका मिनिटात पसंत पडला, कारण त्यात ते गॉगल लावून बंद पडलेल्या जीपला टेकले होते आणि जीप बंद आहे हे फोटोत कळत नव्हतं. भांडण झालं ते ओळींवरनं. सम्राट पैलवानाचं तोंड तिसऱ्या ओळीत होतं आणि ज्ञानू पैलवानाचं दुसऱ्या.

"ह्येनं मला कधी चितपट केलंय?" सम्राट म्हणाला. "मग ह्यो वर का?"

शेवटी दोघांना वरच्या ओळीत शेजारी शेजारी, एकाच मापात बसवायचं ठरलं. फाईल घ्यायला विजयसिंह जातीनं निघाले, आणि आपलं तोंड खरंच वर जातंय का हे बघायला दोन्ही पैलवान मागं निघाले.

घरी कुणी नव्हतं. आई आणि तात्या कागलला पाहुण्यांच्या वास्तुशांतीच्या जेवणाला गेले होते. संयोगितानं तोंडं हलवली, छपाईची फाईल काढायला लावली. चाळीस बाय वीसचा ऐवज, पाऊण तास लागणार होता. तेवढ्यात पेन ड्राईव्ह लावून ठेवावा म्हणून ती दाराला हात घालायला गेली.

दार हलेना.

तिनं वाकून बघितलं. चारी कोपऱ्यांत चार नवी कोरी रिबिटं चमकत होती.

फोन लागला तेव्हा पलीकडं स्पीकरवर कुणीतरी पाहुण्यांना बसून घ्यायची विनंती करत होतं.

"तात्या, कंप्युटरचं दार उघडत न्हाय."

"उघडंल कसं? रिबिट मारल्यात." तात्यांच्या आवाजात कामाचं समाधान होतं.

"का पण?"

"खडखडत हुतं गं. गाडी साठच्या वर गेली की आतलं पंखं जोरात फिरायचं आणि दार वाजायचं. माझ्या हातचं मशीन वाजतंय म्हणजे काय? चार रिबिट मारली आणि शंभरनं घातली. टिप्पूस आवाज न्हाय."

"अवो, सगळी सॉकेटं आत हायत! पेन ड्राईव्ह कुठं लावू आता?"

तात्या स्पीकरपासून जरा लांब सरकले.

"इंटरनेटवरनं न्हाय का जात?"

"वायफायची कांडी बी आतच हाय. दहा गेजच्या पत्र्यातनं रेंज येती व्हय?"

"दहा गेजातनं न्हाय येणार," तात्यांनी मान्य केलं. "ह्ये बघ, ड्रिल लावू नको. कीस आत पडला तर सगळं जळंल. मी आल्यावर छन्नीनं काढतो."

"कधी येताय?"

"पहिली पंगत बसलीया. आमची दुसरी."

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

विजयसिंहांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला. "एवढंच व्हय? स्क्रीनचा फोटू काढून पाठव की."

पाठवला. छपाईवाल्याचा लगेच फोन आला. "साहेब, तुमच्या कपाळात ट्यूबलाईट दिसतीया. आणि नाकावर बाण हाय माउसचा. असंच छापू?"

मग सम्राट पैलवान पुढं झाला. त्यानं दाराची मूठ धरली, पाय रोवला आणि श्वास कोंडून ओढलं. तात्यांची मूठ, तात्यांचं दार. दोन्ही जागच्या जागी राहिली, अख्खं कॅबिनेट मात्र चाकांवरनं घरंगळत येऊन त्याच्या पोटात बसलं. ज्ञानू हसला. मग ज्ञानूनं ओढलं, आणि सम्राट हसला.

इतक्यात संयोगिताचा फोन वाजला. आण्णा.

"काय गं, कसं चाललंय? विजयसिंहांचा मेसेज आलाय, मशीन मोकळं हाय का म्हणून. म्हटलं, हाय की. खुर्ची बी मोकळी हाय."

संयोगितानं विजयसिंहांकडं बघितलं. विजयसिंह छताचा पंखा बघायला लागले.

"सावधगिरी म्हणून टाकला गं मेसेज," ते म्हणाले. "वाढदिवस काय परत परत येतोय व्हय?"

कॉटखालून तिनं तात्यांची अवजारांची पिशवी ओढली, आतनं छन्नी आणि हातोडी काढली. लहानपणी शाळा सुटली की ती शेडवरच बसायची. रिबिटं कशी काढायची हे तिनं शंभर वेळा बघितलं होतं. काढलं मात्र एकदाही नव्हतं.

"पैलवान, ह्ये उचला."

"कुठं न्यायचं?"

"कुठं न्हाय. उचलून आडवं धरायचं, दार खाली करून. मी खालनं काढतो. म्हणजे पडलं तर भाईर पडंल, आत न्हाय."

कोल्हापुरातली पोरगी, ती 'काढते' म्हणणार नाही, 'काढतो'च म्हणणार. आणि त्या आवाजात म्हटल्यावर दोन्ही पैलवान मुकाट्यानं खाली वाकले.

"चालूच हाय की ते," ज्ञानू घाबरला. "शॉक बसंल."

"बसत न्हाय. फाईल निघतीया, बंद करायचं न्हाय. सम्राटदादा, तुमचा अंगठा लाल बटणावर हाय! काढा तो!"

सम्राटनं अंगठा असा उचलला, की जणू खाली विंचू होता.

बेचाळीस किलोचा कंप्युटर चालू स्थितीत दोन पैलवानांच्या हातांवर आडवा झाला. आता स्क्रीनची वायर पुरेना. "धरा," म्हणून संयोगितानं स्क्रीन विजयसिंहांच्या हातात दिली. ते ती पोटाशी धरून वायरीच्या मापानं वाकून उभे राहिले, वर त्यांचं खरं तोंड आणि खाली गॉगलवालं. कीबोर्ड मधोमध लोंबकळत होता.

संयोगिता पाठीवर झोपून खाली सरकली. पहिला घाव हुकला आणि अंगठ्यावर बसला. तिनं जी शिवी दिली ती ऐकून दोन्ही पैलवानांनी माना खाली घातल्या.

"काय चाललंय गं?" अंबूबाई दारात उभ्या. "पाती बदलताय व्हय?"

"मावशी, बॅटरी धरा जरा. आणि स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवा."

अंबूबाईंनी बॅटरी धरली आणि विजयसिंहांच्या पोटाकडं बघून वाचलं, "एक्काहत्तर."

पहिलं रिबिट उडालं ते टणकन जाऊन कपाटावर लागलं. दुसऱ्याला सात घाव लागले. वर सम्राटच्या दंडाची नस दोरीसारखी झाली होती.

"चौऱ्याऐंशी," अंबूबाई म्हणाल्या. "किती किलो झालं म्हणायचं हे?"

तिसरं रिबिट अर्धवट तुटून लोंबायला लागलं. दार एका बाजूनं बोटभर उघडलं आणि आतनं पंख्याची गरम हवा संयोगिताच्या तोंडावर आली. तिनं घाम खांद्याला पुसला आणि चौथ्याला छन्नी लावली.

"ताई," वरनं सम्राटचा दाबलेला आवाज आला. "माझं तोंड वरच्या ओळीत हाय न्हवं?"

"हाय."

"ज्ञानूएवढंच?"

"एवढंच. केसभर कमी न्हाय."

"मग मारा निवांत. धरतो मी."

चौथं रिबिट तुटलं आणि अख्खं दार सुटलं. संयोगिता कूस बदलून निसटली म्हणून वाचली. दार एका कोपऱ्यावर पडलं, उंबऱ्याकडं घसरत गेलं आणि त्यानं अंबूबाईंच्या डब्याला असा दणका दिला, की पाच किलो गहू घरभर धावले. ज्ञानूचा उजवा पाय गव्हावर गेला. तो पाय तसाच पुढं सरकत निघाला, डावा जागेवर राहिला, आणि ज्ञानू कॅबिनेटसकट हळूहळू फाकायला लागला.

"धर, धर, धर!" विजयसिंह ओरडले. त्यांना स्क्रीन सोडता येत नव्हती.

"तालमीची इज्जत, ज्ञान्या!" सम्राट ओरडला.

ज्ञानू गुडघ्यावर आला, पण हात वर ते वरच. सगळं वजन त्यानं छातीवर घेतलं. लाल बटण त्याच्या हनुवटीपासून दोन बोटांवर थांबलं.

"शंभर!" अंबूबाईंनी आरोळी ठोकली.

संयोगिता गव्हातनं रांगत गेली आणि पेन ड्राईव्ह आत खुपसला. मग लोंबणारा कीबोर्ड मांडीवर घेऊन तिनं फाईल उतरवायला लावली. पाच बावीस झाले होते. हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती.

"आता ठेवू खाली?" ज्ञानूनं विचारलं.

"हलवू नका. खालच्या बाजूला सॉकेट हाय. पेन ड्राईव्ह मोडंल."

"किती येळ?"

"चार मिनटं."

त्या चार मिनिटांत अंबूबाई हळूहळू गहू गोळा करत होत्या आणि ज्ञानूच्या पायाखालचे मागत होत्या. "उचल की रं जरा पाय, पैलवान."

पाच सत्तावीसला विजयसिंह पेन ड्राईव्ह वरच्या खिशात टाकून बुलेटवर बसले. निघता निघता त्यांनी गाडी थांबवली, मोबाईल काढला, आणि संयोगिताच्या समोर आण्णांना मेसेज टाकला, 'गरज नाही.' मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात तालमीचं मैदान हाय कुस्त्यांचं. चौदा फ्लेक्स लागतील. पण तात्यांना सांग, रिबिटं मारायची असतील तर आधी इचारत जा म्हणावं."

सहाला पाच कमी असताना छपाईवाल्याचा निरोप आला. फाईल मिळाली, मशीनला लावली, ट्यूबलाईट दिसत नाही.

संयोगितानं आण्णांना फोन लावला. "आण्णा, खुर्ची द्या कुणाला तरी."

"बरं," आण्णा म्हणाले. मग हळूच, "चौदाचं खरं हाय व्हय गं?" त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

तात्या आले साडेसातला, दुसऱ्या पंगतीचं जेवून. कॅबिनेट भिंतीला उभं होतं, दार बाजूला टेकवलेलं. त्यांनी चष्मा लावला, उकिडवे बसले आणि तुटलेल्या रिबिटांवरनं अंगठा फिरवला, एकेक करून चारी.

"कुणी काढली?"

"मी."

"छन्नी उभी धरलीस. तिरकी धरायची." त्यांनी तिसऱ्या भोकापाशी बोट थांबवलं. "ह्ये बघ, पत्र्याला वरखडा आलाय."

"व्हय."

"आकारामला सहा वर्षं शिकवतोय. ह्येच्यापेक्षा मोठं वरखडं काढतोय त्यो." ते उठले, गुडघे झटकले, तिच्या सुजलेल्या अंगठ्याकडं बघितलं आणि आतनं बर्फ आणून दिला.

मग खुर्चीकडं एक नजर, संयोगिताकडं एक.

"कागलहून येताना हायवेला सारखं वाटत हुतं, त्या टँकरवाल्याला मागं टाकायचा राह्यलाय."

संयोगितानं हात पुढं केला. तात्यांनी थोडा वेळ अजाणपणाचा आव आणून बघितला. मग अवजारांच्या पिशवीतनं रिबिट गन काढली आणि पोलीस ठाण्यात हत्यार जमा करावं तशी, मूठ तिच्याकडं करून, तिच्या हातात दिली.

"दार वाजंल हां," ते म्हणाले.

"वाजू द्या."